चार वाजता, मठाखालच्या मैदानावर

सत्राची तारीख

एप्रिलचा पहिला गुरुवार. आमच्या मुलींची ईद नुकतीच झालेली, ज्यू मुलींचा पेसाहचा सण नऊ दिवसांवर.

सत्राची वेळ

तीन वाजता. आणि चार वाजता. खुलासा पुढे.

ठिकाण

आमच्या बेत जाला गावाच्या उतारावर, मठाखालचं मैदान. द्राक्षांच्या शेवटच्या बांधाखाली. इथे यायला आम्हाला परवाना लागत नाही आणि त्यांनाही बंदी नाही. अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत. मैदान एका अंगाला उतरतं. चेंडू सुटला की थेट दरीत.

सत्राआधी दोन्ही प्रशिक्षकांचं बोलणं झालं का?

झालं. चाळीस सेकंद.

तिर्त्सा आणि मी नऊ वर्षं हा संघ चालवला. तिच्या बाजूच्या मुली ज्यू, माझ्या पॅलेस्टिनी, फुटबॉल एकच. त्या नऊ वर्षांत आम्ही इतकं बोललो की तिच्या नवऱ्याचा कोणता गुडघा दुखतो हे मला अजून पाठ आहे. मग तो ऑक्टोबर आला, युद्ध सुरू झालं, आणि पुढचं दीड वर्ष आम्ही फक्त सणांना निरोप पाठवले. तेही लिहून, खोडून, पुन्हा लिहून. आता तुमच्या संस्थेने कळवलं की या वसंतात एक तरी सत्र झालं नाही तर आमचा संघ कागदावरूनही जाईल. म्हणून तिने फोन केला.

"हियाम?"

"बोल."

"कशी आहेस?"

"आहे. तू?"

"आहे."

तिच्याकडे कुठेतरी नळ चालू होता.

"गुरुवारी चार वाजता?" ती म्हणाली.

"चार," मी म्हणाले.

"बरं मग."

"बरं."

एवढंच.

तुमच्या कार्यालयात बसून लक्षात येणार नाही म्हणून लिहिते. वसंतात त्यांचं घड्याळ आधी पुढे जातं. आमचं सरकार रमजान उलटून जाईपर्यंत थांबतं. त्यामुळे दर वर्षी काही दिवस या डोंगराच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या वेळा असतात. आमचे तीन वाजतात तेव्हा त्यांचे चार झालेले असतात. फोनवर तर विसंबायचंच नाही. माझ्या स्वयंपाकघरात त्यांचा टॉवर लागतो, झोपायच्या खोलीत आमचा. ओट्यापाशी चार, पलंगापाशी तीन.

पूर्वी या दिवसांत आम्ही एकमेकींना पहिला प्रश्न हाच विचारायचो, "कुणाचे चार?" आणि हसायचो. उत्तर ठरलेलं असायचं, तिचे. बस तिची, संस्था तिच्या शहरातली, नाक्यावरचा शिपाई तिच्या घड्याळाने चालणारा. नऊ वर्षांत एकदाही आमचे चार वाजले नाहीत. मला त्याचं काही वाटायचंही बंद झालं होतं.

या वेळी मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर हसावं लागलं असतं, आणि हसण्याची वेळ अजून आलेली नव्हती. मी मनातल्या मनात तिचे चार धरले आणि मुलींना तीन वाजता यायला सांगितलं.

आपल्या बाजूच्या मुली

सात.

पूर्वी एकोणीस होत्या. मी अकरा दारं वाजवली. चार ठिकाणी कॉफी मिळाली आणि नकार मिळाला, दोन्ही गोड. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी रोज विचारायचा, "मिस हियाम, मॅच कधी? आणि पंच कोण, तो विमानातला का?" मी हसून पुढे जायचे. तो माणूस वाईट नाही. विमानं खरंच जायची, दक्षिणेकडे, गाझाकडे, दिवसातून किती वेळा ते आम्ही मोजणं सोडलं होतं.

सात जणींच्या आयांनी एकच विचारलं, "पण ते येणार का? पोरींना नुसतं बसवून ठेवतील, आणि वर गावभर हसू."

"येणार. माझ्यावर सोडा," मी म्हणाले. सात वेळा.

रनीमच्या घरी जरा वेगळं झालं. रनीम आमची गोलकीपर, पंधरा वर्षांची. तिची मावशी गाझात होती. होती, एवढंच घरात म्हणतात. मावशीचा नंबर तिच्या आईच्या फोनमध्ये अजून आहे. तिची आई रानभाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. रनीमच म्हणाली, "मिस, नित्सान येणार असेल तर येते. नाहीतर मला त्या बाकीच्यांशी काय करायचंय?"

नित्सान त्यांची फॉरवर्ड. सत्र संपलं तरी या दोघी बस सुटेपर्यंत पेनल्टी मारत बसायच्या. एक मारायची, एक अडवायची, आणि दोघी एकमेकींच्या भाषेत एकमेकींना शिव्या घालायच्या. दोघींना फक्त शिव्याच येत होत्या एकमेकींच्या.

"येणार आहे ना ती?" रनीमने विचारलं.

"येणार," मी म्हणाले.

मला माहीत नव्हतं. मी तिर्त्साला विचारलंही नव्हतं. त्या चाळीस सेकंदांत कुणाचंच नाव निघालं नव्हतं.

साहित्य

चेंडू चार, त्यातला एक मऊ पडलेला. दोन रंगांची जॅकेटं. फोनची पिशवी.

पिशवीचा नियम तुम्हाला माहीत आहेच. खेळायला निघतानाच सगळ्यांचे फोन पिशवीत, तोंड बांधून, सत्र संपेपर्यंत. प्रशिक्षकांचेसुद्धा. कुणाचा फोटो कुठे गेला आणि मग कुणाच्या भावाला वर्गात काय ऐकावं लागलं, त्यानंतर हा नियम मुलींनीच केला होता. तिर्त्साकडे तिची पिशवी, माझ्याकडे माझी.

काही अडचण आली का?

तीन वाजता आम्ही मैदानावर होतो. अबू जरीसच्या व्हॅनमधून मुली उतरल्या. मी जॅकेटं वाटली. पहिली पंधरा मिनिटं धावण्यात गेली, पुढची पंधरा पास देण्यात. त्यानंतर सगळ्या जणी धावता धावता रस्त्याकडे बघायला लागल्या.

साडेतीनला सेवार बांधावर बसली. सेवारला गप्प बसता येत नाही.

"मिस, तुमच्या मैत्रिणीला रस्ता सापडत नसेल. नकाशात आपलं गाव दाखवत नाहीत ना त्यांच्या!"

मुली हसल्या. मीही हसले.

"की नाक्यावर अडकल्या?" दुसरी म्हणाली.

"त्या? नाक्यावर? अगं, नाका त्यांचाच आहे."

"मग कपडे ठरवत असतील. शांतीला जाताना काय घालायचं?"

रनीम हसली नाही. ती गोलात उभी होती, हातमोजे घालून. समोर कुणी चेंडू मारत नव्हतं, तरी उभी होती.

पावणेचारला मी नियम मोडला. व्हॅनपाशी जाऊन पिशवी सोडली, माझा फोन काढला आणि तिर्त्साला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. मागे वळले तर रनीम बघत होती. तिने मोजे काढले, एकात एक घातले.

"नाही उचलत?"

"पिशवीत असेल त्यांचा फोन. म्हणजे बसमध्ये असतील. येतीलच."

"पाऊण तास झाला, मिस."

अबू जरीसने हॉर्न दिला. त्याला कुणीतरी कळवलं होतं की खालच्या गावाचा रस्ता सैनिक बंद करणार आहेत. मुली त्या गावच्या. रस्ता बंद झाला तर डोंगराला वळसा.

"मिस, मी थांबलो असतो," तो म्हणाला, "पण या पोरींना रात्री काय तुमच्याकडे झोपवणार?"

"दहा मिनिटं, अबू जरीस."

"दहा मिनिटं मी आधीच दिली. तुम्हाला कळली नाहीत."

मुली चढल्या. सेवारने जॅकेट घडी करून माझ्या हातात दिलं. एरवी ती फेकते. मला वर बेत जालात चालतच जायचं होतं, म्हणून मी चेंडू आवरायला मागे थांबले. खरं सांगायचं तर त्यांच्यासोबत बसायचं नव्हतं.

व्हॅन वळणाआड गेली तेव्हा आमच्या चारला दहा मिनिटं कमी होती.

त्यांच्या बाजूच्या मुली

सहा.

मी शेवटचा चेंडू जाळीत भरत होते. बसचा आवाज आला. पांढरी बस, ओळखीची, पुढची काच तडकलेली. दार उघडलं आणि तिर्त्सा उतरली. केस पूर्ण पांढरे. मागच्या वेळी अर्धे होते.

ती माझ्याकडे आली, थांबली, आणि मिठी मारायची की नाही हे तिला कळेना. मलाही कळेना. आम्ही हात मिळवले, सरकारी माणसं मिळवतात तसे.

"बरोबर वेळेवर आहोत ना?" ती म्हणाली आणि मनगट पुढे केलं. "चारला पाच कमी. तुमचे चार."

तिने घड्याळ एक तास मागे केलं होतं.

मी त्या घड्याळाकडे बघत राहिले.

"बसमध्ये मुलींना म्हटलं," ती सांगत होती, "की आज आपण त्यांच्या वेळेने जातोय. नऊ वर्षं हियामच हिशोब करत आली, आज आपण करू. हियाम? काय झालं? मुली कुठायत?"

"मी तुझे चार धरले," मी म्हणाले.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती खाली गवतात बसली.

"किती वेळ थांबलात?"

"पन्नास मिनिटं."

"गेल्या कधी?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली."

"मग फोन कर ना त्यांना!"

केला. रनीमचा लागला. व्हॅनमध्ये चढताना मी त्यांचे फोन परत दिले होते.

"रनीम, त्या आल्या. वेळेचा घोळ झाला, चूक माझी. अबू जरीसला वळायला सांग."

तिकडे गाडीचा आवाज, मागे मुलींचा. रनीमने फोन बाजूला धरून सांगितलेलं मला ऐकू आलं, "मिस म्हणतात, आल्या." मग हशा. मग सेवार, मुद्दाम मोठ्याने, "अरे वा, आपण गेल्यागेल्याच!" मग अबू जरीस, "मी वळवणार नाही, मिसला सांग, पुढे जीप उभ्या आहेत."

"मिस," रनीम म्हणाली, "खरंच आल्यात की आम्हाला वाईट वाटू नये म्हणून?"

"खरंच. हे बघ, मी तिर्त्साला देते फोन."

"नको," ती म्हणाली. "ठेवते."

फोटो काढून पाठवता आला असता. पण फोटो काढायचा नाही असं ठरलेलं, आणि त्या सहा जणी बसच्या पायरीशी उभ्या होत्या, फोन पिशवीत देऊन, आमच्या नियमावर विसंबून.

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. पाच ओळखीच्या, उंच झालेल्या. एक नवीन. नित्सान नव्हती.

दोन्ही बाजूंच्या मुलींमध्ये काय संवाद झाला?

हा रकाना मी सोडून देते.

काय खेळलात?

तिर्त्सा म्हणाली, "आम्ही परत जाऊ का?"

मी म्हणाले, "आलात तर खेळा."

"कशा खेळणार? गोल धरायचा कसा?"

आमचा नियम, तुमच्याच पुस्तिकेतला. गोल मारण्याआधी चेंडू दोन्ही बाजूंच्या पायांतून गेला पाहिजे. एकाच बाजूच्या मुलींनी मारलेला गोल गोल नाही. हा नियम पहिल्या वर्षी मुलींना जाच वाटायचा. नंतर त्यांना त्याशिवाय खेळताच येईना. शाळेच्या सामन्यांतही पास द्यायला उगाच कुणाला तरी शोधायच्या.

"मी आहे की," मी म्हणाले.

म्हणून आमच्या बाजूने मी खेळले. एक्कावन्न वर्षांची, लांब झगा, पायात चालायचे बूट. मैदानाच्या मधोमध उभी राहिले. तीन-तीनचे दोन संघ झाले आणि मी दोन्हीकडून. प्रत्येक चेंडू माझ्याकडे यायचा. यावाच लागायचा. त्या मुली धावत यायच्या, मान वर करून मला शोधायच्या, हलकेच पास द्यायच्या, आजीला द्यावा तसा, आणि मी तो पुढे ढकलायचे. नवीन मुलगी दर वेळी आभाराचं "शुक्रन" म्हणायची. बाकीच्यांनी तिला सांगितलं असावं की एवढा एक शब्द पुरेल.

दोन्ही गोलांत कुणी नव्हतं. वीस मिनिटांत चार गोल झाले. कुणी ओरडलं नाही.

मी मधोमध उभी असताना एक विमान गेलं. दक्षिणेकडे. त्या सहा जणींपैकी एकीने वर बघितलं, मग माझ्याकडे, मग बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती.

नंतर बांधावर बसून त्यांनी बिस्किटं काढली. सणाआधी घरातलं पीठमैद्याचं सगळं संपवायचं असतं, म्हणून त्यांच्या आयांनी डबेच्या डबे दिले होते. चौदा जणांना पुरतील इतके. मी एक घेतलं.

"नित्सान?" मी तिर्त्साला हळूच विचारलं.

"बसमध्ये बसली होती," ती म्हणाली. "किट घालून. पहिल्याच सिग्नलला म्हणाली, उतरते. मी ड्रायव्हरला दार उघडायला सांगितलं." मग डबा मांडीवर घेऊन, "जानेवारीत तिचा भाऊ गेला. सैन्यात होता. मी तुला कळवणार होते, लिहिलंही होतं. मग वाटलं, तुला हे कुठल्या तोंडाने कळवू."

"रनीमची मावशी," मी म्हणाले. "मीही नाही कळवलं."

तिने डबा बंद केला. तिच्या मुली बसकडे निघाल्या होत्या.

"पुढच्या वेळी विचारूया," ती म्हणाली. "कुणाचे चार ते."

"विचारूया," मी म्हणाले. आम्ही दोघींनीही पुढची तारीख काढली नाही.

बस गेल्यावर मी वर चालत आले. घरी माणूस नाही. दोन्ही मुलगे चिलीत आहेत, आमचं निम्मं गाव तिकडेच आहे. रविवारी फोन करतात, "आई, आता पुरे, ये इकडे." त्या दिवशी गुरुवार होता. सहा उरलेली बिस्किटं तिर्त्साने बळेच कागदात बांधून दिली होती. मी ती ओट्यावर ठेवली.

पुढच्या सत्राला आपल्या बाजूच्या किती मुली अपेक्षित?

शनिवारी सकाळी मी खालच्या गावात गेले. पहिलं घर रनीमचं.

ती पायरीवर बसून धाकट्या बहिणीच्या वेण्या घालत होती. तिने उठून जागा करून दिली, खुर्ची आणायला निघाली. मी नको म्हणून पायरीवरच बसले. आत तिच्या आईने दार ढकलून घेतलं. पूर्ण लावलं नाही.

"मिस, तुम्ही त्यासाठी आला असाल तर..."

"मी फक्त सांगायला आलेय. त्या आल्या होत्या. सहा जणी. तिर्त्साने तुझ्यामाझ्या घड्याळाचे चार धरले, मी तिचे. तिने आपल्यासाठी घड्याळ मागे केलं होतं, रनीम. पहिल्यांदाच."

"सेवार म्हणते तुम्ही गोष्ट रचलीय. म्हणते, छान रचलीय पण."

"तुला काय वाटतं?"

तिने बहिणीचा भांग पुन्हा पाडला. सरळच होता.

"तुम्ही खेळलात त्यांच्याबरोबर?"

"खेळले. मधे."

"मधे? तुम्ही?" ती हसली. दीड वर्षात मी तिला हसताना बघितलं नव्हतं. "या झग्यात? धावलात?"

"उभी राहिले. चेंडू येत होता."

"किती गोल झाले?"

"चार."

"गोलात कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग त्यात काय मोठंसं," ती म्हणाली. आणि मग, वेणीकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं, "नित्सान होती?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर पुढच्या वेळी ती आली असती, याची मला खात्री होती. आणि पुढच्या वेळी कदाचित नित्सानही आली असती, आणि माझं हो खरं ठरलं असतं. ईदआधी याच पायरीवर मी तेच केलं होतं, तिर्त्साला न विचारताच नित्सान येणार म्हणून सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "बसमध्ये बसली होती. मधेच उतरली."

"का?"

"तिचा भाऊ गेला. जानेवारीत."

"कुठे?"

मी दक्षिणेकडे बघितलं. तिने मान हलवली.

"मावशी तिथेच होती," रनीम म्हणाली.

धाकटी कळवळली, "ओढू नको ना!" रनीमने हात सैल केला. वेणी पुरी केली, रबर लावलं, तिला पाठीवर थोपटून आत पाठवलं.

"आल्या होत्या त्या," ती म्हणाली. "पटलं मला. खोटं सांगायचं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता."

तिने कंगव्यातले केस काढले.

"सेवारला मी सांगेन. पण मी येणार नाही, मिस. म्हणजे, तुमच्यावर राग नाही."

"बरं."

"आणि ती आली असती ना," रनीम म्हणाली, "तर मला चेंडू अडवता आला नसता. हातच उचलला नसता. तिलाही मारता आला नसता बहुतेक." ती उभी राहिली, मांडीवरचे केस झटकले. "कॉफी घेऊन जा. आई देईल."

"आज नको. पुढे जायचंय."

ती फाटकापर्यंत आली. फाटकाची कडी तिनेच काढली, तिनेच लावली. मी रस्त्याला लागले. अजून सहा घरं होती.